फॅक्सच्या पोटातला मॉडेम

बेळगावात मॉडेम, म्हणजे यंत्रातल्या आकड्यांचे आवाज करून ते टेलिफोनच्या तारेवरून धाडणारं यंत्र, कधी आला असं विचारलं की लोक पहिल्या सायबर कॅफेची आठवण काढतात. खरं तर त्याच्या कितीतरी आधी तो एसटीडी बूथवर येऊन बसला होता, फॅक्स मशीनच्या पोटात. खडेबाजारात, टिळकवाडीत, उद्यमबागच्या वाटेवर पाटी ठरलेली असायची: वर एसटीडी, आयएसडी, पीसीओ आणि खाली झेरॉक्स, फॅक्स. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांना बाहेरच्या कारखान्यांची ड्रॉइंगं याच बूथांवरून मिळायची.

माझे वडील फाउंड्रीतल्या ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न करायचे. एकदा फॅक्सवर आलेलं ३८ हे माप त्यांनी ३३ वाचलं आणि दोन दिवसांचं काम, चांगलं सागवान, सगळं फुकट गेलं. दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता. साध्या प्रतीचा फॅक्स कागद वरून खाली वाचत जाताना एका मिलिमीटरला जेमतेम चार रेघा घेतो. बारीक आठाची डावी बाजू तेवढ्यात कुठल्या कुठे जाते. त्यानंतर ड्रॉइंग आलं की वडील त्याच बूथवरून उलट फोन लावायचे आणि एकेक माप मोठ्यानं वाचून दाखवायचे. ‘तीन आठ अडतीस, होय की नाही, सांगा.’ फोनचं बिल वाढायचं, पण लाकूड वाचायचं.

पुढे मॉडेमबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं की यंत्रंही शेवटी हेच शिकली. पाठवलेल्या प्रत्येक तुकड्याबरोबर एक पडताळणीचा आकडा जोडायचा, पलीकडच्यानं तो ताडून पाहायचा, जुळला नाही तर तुकडा परत मागायचा. मॉडेमसाठीच्या व्ही.४२ या मानकाचं मर्म एवढंच. साध्या फॅक्समध्ये ही सोय सक्तीची नव्हती. ओळ बिघडली तर बिघडलेलीच छापून यायची.

मुळात टेलिफोनची तार आकड्यांसाठी टाकलेलीच नव्हती. माणसाचं बोलणं समजायला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढा कंपनांचा पट्टा पुरतो, म्हणून सगळी यंत्रणा तेवढ्यापुरती बांधलेली. संगणकाचे शून्य आणि एक विजेच्या ठोक्यांच्या रूपात त्यात सोडले तर दूरवर पोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो. उपाय एकच, आकड्यांनी आवाजाचं सोंग घ्यायचं. एकाला एक शिट्टी, शून्याला दुसरी. पलीकडचं यंत्र शिट्ट्या ऐकून पुन्हा आकडे मांडणार. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांची डोकी जोडून मॉडेम झाला.

अमेरिकेत हवाई हल्ल्याची आगाऊ खबर देणारी सेज नावाची लष्करी यंत्रणा १९५०च्या दशकात उभी राहत होती. रडारची माहिती टेलिफोनच्या तारांवरून संगणकापर्यंत न्यायची होती, आणि मॉडेमचा पहिला मोठा उपयोग तिथे झाला. १९६२ साली बेल १०३ आला. वेग सेकंदाला ३०० बिट (एक बिट म्हणजे एक शून्य किंवा एक), म्हणजे सुमारे ३० अक्षरं. फोन लावणाऱ्या बाजूच्या शिट्ट्या १०७० आणि १२७० हर्ट्‌झच्या, उचलणाऱ्या बाजूच्या २०२५ आणि २२२५च्या. दोघांचे सूर वेगळे असल्यामुळे दोघं एकाच वेळी बोलू शकत. कुणी कुणाला तोडायचं नाही. आमच्या गल्लीतल्या बैठकांना हे कधी जमलं नाही.

अमेरिकेतही फोन कंपनीची मक्तेदारी होती. आपल्या तारेला दुसऱ्याचं यंत्र जोडू द्यायचं नाही, असा तिचा नियम. त्यावर लोकांनी पळवाट काढली. रिसीव्हर उचलून रबरी कप बसवलेल्या खोक्यावर ठेवायचा, खोकं त्यात शिट्ट्या वाजवणार आणि ऐकणार. तारेला स्पर्श नाही, म्हणून नियमभंगही नाही. रॉबर्ट वाइटब्रेक्ट हे स्वतः बहिरे असलेले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी १९६४च्या सुमारास याच युक्तीनं टेलिप्रिंटर फोनला जोडला आणि ऐकू न येणाऱ्या माणसांना फोनवर टाइप करून बोलता येऊ लागलं. १९६८ साली कार्टरफोन नावाच्या यंत्रावरून चाललेल्या खटल्याचा निकाल लागला आणि बाहेरची यंत्रं जोडायचा रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे तेव्हा प्रश्न तारेला काय जोडायचं हा नव्हताच. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची ती तारेचीच.

१९८१ साली हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला आणि नंबर फिरवायला माणूस लागेनासा झाला. संगणकानं ‘एटीडीटी’ आणि पुढे नंबर एवढं पाठवलं की मॉडेम स्वतःच डायल करी. शेवटचा टी म्हणजे टोन. जुन्या एक्स्चेंजला टोन कळत नसे. तिथे टीच्या जागी पी, म्हणजे पल्स, घालावा लागे, आणि मग मॉडेम तबकडीच्या फोनसारखा टक टक करत बसे. पल्समध्ये शून्याला दहा ठोके. बाहेरगावचा नंबर शून्यानंच सुरू व्हायचा. आमचं बेळगाव ०८३१, कोल्हापूर ०२३१. एका आकड्याचा काय तो फरक, पण मामाला फोन लावायचा म्हणजे दुसऱ्या राज्याच्या टेलिफोन सर्कलमध्ये जायचं.

एक्स्चेंजचा विषय निघालाच आहे तर आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगायला हवी, कारण बेळगावकरांनाही ती फारशी माहीत नसते. १९८४ साली सी-डॉट ही संस्था सुरू झाली. खेड्यांसाठी देशी डिजिटल एक्स्चेंज बनवायचं, आणि तेही एअर कंडिशनरशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालणारं, हे तिचं काम. तिचं १२८ पोर्टचं, म्हणजे १२८ तारा जोडता येणारं, पहिलं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली बसलं ते कित्तूरला, राणी चन्नम्मांच्या कित्तूरला, बेळगावहून धारवाडला जाताना लागतं त्याच. मोठमोठ्या शहरांत यांत्रिक एक्स्चेंजं अजून खडखडत होती तेव्हा किल्ल्याच्या त्या गावात आवाजाचे आकडे होऊ लागले होते.

मॉडेमच्या वेगाशी याचा थेट संबंध आहे. एका तारेतून किती माहिती जाईल याची कमाल मर्यादा क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालीच मांडली होती. ती ठरते पट्ट्याच्या रुंदीवर आणि खरखरीवर. इंजिनियरांनी एकेका शिट्टीत जास्त बिट कोंबायला सुरुवात केली. १९८४च्या व्ही.३२ या मानकात सेकंदाला २४०० बदल आणि प्रत्येक बदलात चार बिट, म्हणून सेकंदाला ९६०० बिट. असं करत करत १९९६ला गाडी ३३,६०० वर पोचली आणि तिथे भिंत लागली.

मग ५६,००० कुठून आले? डिजिटल एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं आणि प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहितं. इंटरनेट देणाऱ्याची बाजू आधीपासूनच डिजिटल तारेवर असेल तर शिट्टी वाजवायची गरज तुमच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंतच उरते. आठातले सात बिट भरवशाचे धरले तरी ५६,००० होतात. १९९८च्या व्ही.९० मानकाची सगळी करामत ती, आणि तीही फक्त येणाऱ्या माहितीपुरती. जाणारी ३३,६०० वरच अडकलेली. वाटेत एखादा टप्पा जुन्या पद्धतीचा निघाला की तेही गेलं.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीकडून, मोठ्या शहरांपासून. आम्हाला ते काही वर्षांनी मिळालं आणि भिंतीतल्या शेवटच्या शंभर फूट तारेनं त्याचं काय केलं ते सांगत बसलो तर रात्र जाईल. खानापूर तालुक्यातला पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. लाइनमन खांबावरची डीपी, म्हणजे तारांच्या जोडण्यांची पेटी, उघडायचा आणि वरूनच ओरडायचा, ‘जॉइंटात पाणी गेलंय की हो!’ जुलैत आमचा मॉडेम कसाबसा १४,४०० वर जोडला जायचा. त्यात आईनं स्वयंपाकघरातलं एक्स्टेन्शन उचललं की संपलं. ती रिसीव्हर कानाला लावून म्हणायची, ‘कोण ओरडतंय रे आत?’

आणि मराठीचं काय? सुरुवातीच्या जोडण्या बऱ्याचदा अक्षराला सात बिट धरून चालत. रोमन लिपीला १२८ जागा पुरतात. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली पक्कं झालेलं इस्की मानक आणि त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट वरच्या १२८ जागा वापरायचे, त्यांना आठवा बिट लागे. वाटेत तो कापला गेला की देवनागरीचा पालापाचोळा होई. आठवा बिट शाबूत राहिला तरी समोरच्याकडे तोच फॉन्ट हवा.

मामेबहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर कोल्हापूरहून मामानं ई-मेलनं धाडला तेव्हा आमच्या पडद्यावर आली प्रश्नचिन्हं, कंस आणि डॉलरची चिन्हं. मी सेटिंग बदलत बसलो. वडिलांनी दहा मिनिटं पाहिलं, चपला घातल्या आणि बूथवरून मामाला फोन करून मजकूर हातानं लिहून फॅक्स करायला सांगितला. फॅक्सला काय, मराठी असो की कन्नड, काळं ते काळं. कागद हातात आल्यावर त्यांनी परत फोन लावला आणि मुहूर्ताची वेळ, मिनिटांसकट, दोनदा वाचून घेतली.