टेक्सासमधलं कम्युनिटी कॉलेज: फी ठरते पत्त्यावर

फ्रिस्कोत घर आहे, म्हणजे कॉलिन काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजची, कॉलिन कॉलेजची, स्थानिक फी लागणार, असं बरेच मराठी पालक गृहीत धरतात. पण फ्रिस्को शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंटींत पसरलंय. घर डेंटनच्या बाजूला असेल तर त्याच वर्गातल्या त्याच बाकावर बसायला जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागतात.

सगळा घोळ दोन शब्दांचा आहे. टेक्सासच्या शिक्षण कायद्याच्या 130व्या प्रकरणात प्रत्येक कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्टचा ‘सर्व्हिस एरिया’ काउंटी, शहरं आणि शाळा-डिस्ट्रिक्टची नावं घेऊन आखून दिलाय. ही तरतूद 1995ची. कुठल्या भागात कोणत्या कॉलेजनं वर्ग चालवायचे, हे त्यावरून ठरतं. ‘टॅक्सिंग डिस्ट्रिक्ट’ हा त्याच्या पोटातला, बहुतेकदा लहान तुकडा. तिथले घरमालक कॉलेजसाठी प्रॉपर्टी टॅक्स भरतात आणि ‘इन-डिस्ट्रिक्ट’ फी त्यांच्याच हद्दीला मिळते. थोडक्यात, घरपट्टी भरणाऱ्याला पाणी स्वस्त! सर्व्हिस एरियात असूनही टॅक्सच्या हद्दीबाहेर असलात तर ‘आउट-ऑफ-डिस्ट्रिक्ट’.

फरक किरकोळ नाही. ऑस्टिन कम्युनिटी कॉलेजचा दर गेली काही वर्षं हद्दीतल्यांना क्रेडिटमागे (विषयाचं वजन मोजायचं एकक) 85 डॉलर, तर बाहेरच्यांना 286 असा राहिलाय. तीन क्रेडिटच्या एकाच विषयामागे सहाशे डॉलरचा फटका. राउंड रॉक आणि लिअँडर शाळा-डिस्ट्रिक्ट हद्दीत आहेत, जॉर्जटाउन नाही. मतदारांनी कौल दिला तर हद्द वाढते. लॉकहार्ट शाळा-डिस्ट्रिक्ट 2022च्या मतदानानं आत आलं. त्यामुळे शेजाऱ्याच्या जुन्या माहितीवर विसंबू नका.

तपासायचं कसं? काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर आपला पत्ता टाका. घराला कोण कोण कर लावतं याची यादी येते: काउंटी, शहर, शाळा. त्यात कॉलेजचं नाव दिसलं तर आपण आत. भाड्याचं घर असलं तरी हेच करायचं. आपण बाहेर राहतो पण हद्दीत मालकीची प्रॉपर्टी आहे, अशांना आणि त्यांच्या मुलांना कायद्यानुसार कॉलेज आतली फी लावू शकतं. मात्र लावलीच पाहिजे असं बंधन नाही, म्हणून आधी विचारून घ्या.

मुळात टेक्सासचे रहिवासी ठरायला सेन्सस डेटच्या आधी सलग 12 महिने राज्यात वास्तव्य लागतं. ही तारीख फॉल आणि स्प्रिंग सत्रात वर्गाचा बारावा दिवस असते. मूल अवलंबून असेल तर पालकांचं वास्तव्य बघतात. व्हिसाचा प्रश्न हमखास येतो: नोकरीच्या एच-1बी, एल-1 आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-4, एल-2 वाल्यांना रहिवासी दर्जा मिळू शकतो, विद्यार्थ्यांच्या एफ-1 वाल्यांना त्या व्हिसावर नाही.

अर्ज अप्लाय टेक्सास या राज्याच्या सामाईक अर्जाच्या साइटवरून किंवा कॉलेजच्या साइटवरून भरता येतो. त्यातल्या निवासाच्या प्रश्नांना घाईत उत्तरं देऊ नका; एक चुकीची टिक पडली की परराज्याचा दर लागतो आणि मग दुरुस्तीसाठी खेटे. कागदांत लीज किंवा प्रॉपर्टी टॅक्सची पावती, वीजबिल, ड्रायव्हिंग लायसन्स, पगाराच्या स्लिपा आणि व्हिसाचे कागद तयार ठेवा. सगळ्यांवर पत्ता एकच हवा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता राहिला होता, तेवढ्यावरून फाइल अडकली.

आणि लस! 22 वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याला बॅक्टेरियल मेनिंजायटिसची लस लागते: गेल्या पाच वर्षांतली आणि वर्ग सुरू व्हायच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली. दाखल्यावर दिवस, महिना, वर्ष तिन्ही असावेत. भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांचं रजिस्ट्रेशन फीपेक्षा या एका कागदापायी जास्त अडतं.