टाळेबंदीतले घर आणि घरातली हवा

मार्च २०२० च्या अखेरीस, कोरोनाची साथ सुरू झाल्यावर, कोल्हापुरातल्या बहुतेक घरांचा दिनक्रम उंबऱ्याशी सुरू होऊ लागला. दुधाची पिशवी आत येण्याआधी साबणाच्या पाण्याने धुतली जाई, मेथीच्या पेंड्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून मग चाळणीत निथळत ठेवल्या जात, सुट्ट्या पैशांची वाटी वेगळी ठेवली जाई आणि नोटांवरून इस्त्रीसुद्धा फिरे. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता जाहीर झालेली एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली आणि तेवढ्या काळात हा दिनक्रम घरोघरी अंगवळणी पडला. घरात धोका शिरतो तो वस्तूंवर बसून, आणि दार-खिडक्या लावून घेतल्या की आपण सुरक्षित, अशी सर्वांची पक्की समजूत झाली होती. ती आजही बऱ्याच प्रमाणात टिकून आहे. मात्र एका छपराखाली चोवीस तास एकत्र राहणाऱ्या पाच-सात माणसांमध्ये आजार पसरण्याचा मुख्य मार्ग कोणता, या प्रश्नाचे उत्तर भाजीच्या पिशवीत नसून त्या सर्वांनी मिळून घेतलेल्या हवेत आहे, आणि कोल्हापूरच्या पेठांमधल्या घरांच्या दृष्टीने ते उत्तर फार महत्त्वाचे आहे.

वस्तूंची भीती कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे. १७ मार्च २०२० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत प्लास्टिक आणि पोलाद यांवर कोरोनाचा विषाणू ७२ तासांपर्यंत आढळला, असे त्यात नोंदवले होते, आणि ‘बहात्तर तास’ हे शब्द वाऱ्यासारखे जगभर पसरले. त्याच निबंधात दुसरेही एक मोजमाप होते. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म थेंबांमध्ये हा विषाणू प्रयोगाच्या पूर्ण तीन तासांत जिवंत राहिला होता आणि त्याची संसर्गक्षमता निम्म्यावर यायला एक तासाहून थोडा अधिक वेळ लागला होता. पहिले वाक्य दारावरच्या सूचनांमध्ये पोहोचले आणि दुसरे मागे राहिले, याची मला आजही खंत वाटते. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकापेक्षा कमी असल्याचे सांगितले. साबणाने हात धुण्याची सवय जुलाब, कावीळ यांसारख्या आजारांसाठी उत्तमच आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. प्रश्न केवळ एवढाच, की आपली सर्वाधिक मेहनत कुठे खर्च झाली.

आता हवेकडे वळू. बोलताना, खोकताना, गाताना किंवा नुसता श्वास सोडताना तोंडा-नाकातून जे थेंब बाहेर पडतात, त्यांचे आकार मिलिमीटरपासून मायक्रॉनच्या अंशापर्यंत पसरलेले असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि विषाणू स्वतः साधारण ०.१ मायक्रॉनचा असतो. थेंब खाली पडताना त्याच्यावर दोन बलांचे काम चालते. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते आणि हवेची श्यानता, म्हणजे तिचा चिकटपणा, त्याला अडवते. वजन हे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते आणि श्यानतेचा अडथळा व्यासाच्या साध्या प्रमाणात असतो. त्यामुळे ही दोन बले समतोल झाल्यावर थेंबाला मिळणारा स्थिर वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जॉर्ज स्टोक्स यांनी मांडलेल्या या नियमाचे परिणाम थक्क करणारे आहेत. उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, १०० मायक्रॉनचा थेंब पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. व्यास दहापट कमी केला की वेग शंभरपट कमी होतो, म्हणून १० मायक्रॉनच्या थेंबाला आठ मिनिटे लागतात, ५ मायक्रॉनच्या थेंबाला अर्धा तास आणि १ मायक्रॉनच्या थेंबाला सुमारे बारा तास.

हे सर्व आकडे स्तब्ध हवेचे आहेत, आणि घरातली हवा कधीच स्तब्ध नसते. माणसाच्या शरीराच्या उबेमुळेच त्याच्याभोवतीची हवा सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर वेगाने वर चढत असते, तर ५ मायक्रॉनचा थेंब सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा खाली येत नाही. शिवाय बाहेर पडल्याबरोबर थेंबातले पाणी उडू लागते, थेंब आक्रसतो आणि आणखी हलका होतो. मागे उरतो तो क्षार, प्रथिने आणि असल्यास विषाणू यांचा बारीकसा कण. विल्यम वेल्स या अमेरिकी अभियंत्याने १९३४ मध्येच दाखवून दिले होते, की साधारण १०० मायक्रॉनच्या खालचे थेंब जमिनीवर पोहोचण्याआधी सुकतात आणि हवेत राहतात. नंतरच्या काळात ही सीमारेषा ५ मायक्रॉन अशी पाठ्यपुस्तकांत रुजली, कारण क्षयरोगाच्या अभ्यासात फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणाऱ्या कणांचा तो आकार होता. कण खोलवर जाणे आणि कण हवेत टिकणे या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार हवेतून पसरत नाही असे जाहीरपणे सांगितले, त्यामागे हीच गल्लत होती. जुलै २०२० मध्ये हा संसर्ग हवेतूनही होतो हे मान्य करा, असे सांगणाऱ्या लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन या संशोधकांच्या निवेदनाला २३९ शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिला, आणि तरीही हवेतल्या संसर्गाला अधिकृत मान्यता मिळायला २०२१ चा उन्हाळा उजाडला.

मधल्या काळात घराघरांत काय घडत होते, याचा एक पुरावा डिसेंबर २०२० मध्ये आला. जगभरातल्या ५४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करता असे दिसले, की घरात एक जण बाधित झाल्यावर पती किंवा पत्नीला लागण होण्याचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते आणि घरातल्या इतर माणसांत ते सुमारे १८ टक्के होते. दुधाची पिशवी, ताटे, नळाची तोटी या गोष्टी सर्वांना सारख्याच होत्या. जोडप्याचा सहवास अधिक निकटचा असतो, आणि रात्रीचे सात-आठ तास बंद खोलीतली एकच हवा दोघे घेत असतात, हा त्या सहवासाचा मोठा भाग आहे, असे मला वाटते.

मग त्या हवेचे काय करायचे? येथे थोडे गणित करावे लागेल. खोलीत जेवढी हवा मावते, तेवढीच ताजी हवा एका तासात बाहेरून आली, तर त्याला तासाला एक वायुबदल म्हणतात. एका वायुबदलात जुनी हवा पूर्ण निघून जाते असे वाटते, पण तसे होत नाही. गढूळ पाण्याची भरलेली बादली नळाखाली ठेवून बादलीभर स्वच्छ पाणी सोडले, तरी ते आत मिसळत आणि काठावरून सांडत राहते आणि शेवटी सदतीस टक्के गढूळपणा शिल्लक राहतो. खोलीतही नेमके तेच होते: एका वायुबदलानंतर ३७ टक्के, दोनानंतर १४ टक्के, तिनानंतर ५ टक्के जुनी हवा उरते. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत फटींमधून तासाला अर्धा वायुबदल होतो असे धरले, तर हवेतले कण निम्मे व्हायला ८३ मिनिटे लागतात. समोरासमोरच्या खिडक्या उघडून तेच प्रमाण तासाला सहावर नेले, तर सात मिनिटे पुरतात.

आता हेच गणित दहा फूट लांब, तितक्याच रुंद आणि तितक्याच उंच खोलीला लावू. तीत सुमारे २८ हजार लिटर हवा असते. बसून गप्पा मारणारा माणूस तासाला अंदाजे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. पाच माणसे त्या बंद खोलीत तासभर बसली, तर त्या वायूचे प्रमाण बाहेरच्या दर दहा लाख भागांतील ४१० भागांवरून सुमारे २,९०० वर जाते. उच्छ्वासात हा वायू ४० हजार भाग असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हिशेब सरळ होतो: अशा खोलीत घेतलेल्या प्रत्येक श्वासातला सुमारे सहा टक्के भाग कोणाच्या ना कोणाच्या फुप्फुसातून आधीच फिरून आलेला असतो. कार्बन डायऑक्साइड येथे केवळ मापक आहे. तो वाढला म्हणजे खोलीत बाधित माणूस असल्यास विषाणूही त्याच प्रमाणात साठतो. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरांसाठी माणशी, दर सेकंदाला, किमान दहा लिटर ताजी हवा सुचवली. पाच माणसे आणि ही खोली धरली तर ते तासाला सहाहून थोडे अधिक वायुबदल होतात.

शिवाजी पेठेतले, मंगळवार पेठेतले किंवा गंगावेशीकडचे जुने घर डोळ्यांपुढे आणावे. रस्त्याला लागून सोपा, म्हणजे पुढची बसण्याची जागा, त्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी परडे, म्हणजे परसदार. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे खिडक्या असतील तर पुढे आणि मागेच. घरात कोणाला ताप आला, की त्याची खाट माजघरात पडे, कारण ती खोली आडबाजूची, शांत आणि ये-जा नसलेली. भावना योग्य होती, पण खोलीची निवड चुकत होती. माजघराला बाहेरची भिंतच नसते, त्यामुळे तिथली हवा सोप्यातून किंवा स्वयंपाकघरातून जाण्यावाचून पर्याय नसतो. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा लावला, की तो माजघरातली हवा भाकरी थापणाऱ्या बाईच्या डोक्यावरून बाहेर नेतो. रुग्णाची खाट हवा जिथून घराबाहेर पडते त्या टोकाच्या खोलीत असावी आणि बाकीच्यांनी हवा जिथून आत येते तिकडे राहावे, हे तत्त्व साधे आहे. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने गृहविलगीकरणाच्या सुधारित सूचनांमध्ये समोरासमोर वायुवीजन असलेली खोली आणि उघड्या खिडक्या यांचा स्पष्ट उल्लेख केला. तोपर्यंत पहिली लाट येऊन गेली होती.

कौलारू घरांच्या बाजूने मात्र एक गोष्ट होती. आतली गरम हवा हलकी होऊन वर चढते, कौलांच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घ्यायला खालच्या दारांतून थंड हवा आत येते. हा प्रवाह उंची आणि तापमानातला फरक यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून आढे जितके उंच तितका तो जोमदार. त्याच घरावर स्लॅब पडला, किंवा कौलांखाली प्लायवूडचे छत आले, की खोली दिसायला नीटनेटकी होते आणि हा मार्ग बुजतो. छताचा पंखा ही उणीव भरून काढत नाही, आणि भिंतीवरचा वातानुकूलकही नाही. दोन्ही आतलीच हवा आत फिरवतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात जानेवारी २०२० मध्ये एका उपाहारगृहात शेजारच्या तीन टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना लागण झाली. तिथे वातानुकूलक चालू होता, हवा बाहेर टाकणारे पंखे बंद होते आणि माणशी ताजी हवा सेकंदाला जेमतेम एक लिटर मिळत होती, असे नंतरच्या मोजमापांत आढळले.

याच काळात बंद खोलीतली हवा ‘शुद्ध’ करण्याचे उपायही हातोहात पसरले, आणि त्यांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या, ते डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगारांप्रति कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी. त्या नादाने विषाणू मरतो हा दावा निराधार होता. कापूर, ओवा आणि लवंग यांच्या पुरचुंडीने रक्तातला प्राणवायू वाढत नाही, आणि ज्याचा प्राणवायू खरोखर घसरत होता त्याचा वेळ या विश्वासापायी वाया जात होता, हे त्यातले खरे नुकसान आहे. बंद खोलीत केलेली धुरी हवेत सूक्ष्म कणांची भरच घालते. जंतुनाशकाच्या फवाऱ्याचे बोगदे उभारून माणसांवर द्रावण मारले गेले, त्यालाही आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० च्या सूचनापत्रात विरोध केला होता. अंगावरच्या फवाऱ्याने फुप्फुसातला विषाणू हलत नाही आणि डोळ्यांना, श्वासनलिकेला इजा मात्र होते.

कोल्हापुरात पहिल्या लाटेचे सर्वांत कठीण दिवस ऑगस्ट आणि सप्टेंबरचे होते, म्हणजे पावसाचे. उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा पुढचे आणि मागचे दार उघडले की काम होते, पण झडीच्या दिवसांत खिडक्या लावल्या जातात आणि डास म्हणून दारेही. अशा वेळी दिवसभर एक झडप किलकिली ठेवण्यापेक्षा तास-दीड तासाने दहा मिनिटे दोन्ही टोके सताड उघडणे अधिक परिणामकारक ठरते, कारण जोराच्या झोतात दहा मिनिटांत तीन वायुबदल होऊ शकतात आणि तिनांनंतर पाचच टक्के उरते, हे वर पाहिलेच. वारा पडलेला असेल तर टेबलपंखा मागच्या दारात बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवावा. दारात पंखा आतल्या दिशेने ठेवला तर तो फक्त झोताच्या वाटेतली हवा ढवळतो. बाहेरच्या दिशेने ठेवला तर समोरच्या दारातून येणारी हवा सोपा, माजघर आणि स्वयंपाकघर ओलांडून जाते. डासांच्या जाळीमुळे हा प्रवाह बराच घटतो, आणि जाळीच्या छिद्रांत धूळ साठली असेल तर तो जवळजवळ थांबतो, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला जाळ्या काढून धुणे हे हवेच्या कामातलेच एक काम आहे.