पार्श्वभूमी : सातवीत मुलींपेक्षा बुटके असलेले मुलगे दहावीपर्यंत पुढे कसे जातात

पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराला किमान १६५ सेंटीमीटर उंची लागते, महिला उमेदवाराला १५५. ठाण्यात साकेतच्या मैदानावर असो की नवी मुंबई आयुक्तालयाच्या भरतीत, हा दहा सेंटीमीटरचा फरक कुणाला खटकत नाही. बायकांची उंची कमी असायचीच, हे सगळेच धरून चालतात. प्रत्यक्षातला फरक मात्र दहापेक्षा थोडा जास्त आहे. जगभरातल्या उंचीच्या नोंदी एकत्र करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने २०२० मध्ये जे आकडे दिले, त्यांनुसार २०१९ साली १९ वर्षांच्या भारतीय मुलाची सरासरी उंची १६६.५ सेंमी होती आणि मुलीची १५५.२. म्हणजे भरतीची अट मुलाच्या सरासरीपेक्षा दीड सेंमी खाली आहे, मुलीच्या सरासरीपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर. सवलत दिसते मुलींना, पण अट जास्त जाचते ती त्यांनाच.

हा सुमारे ११ सेंमीचा, जागतिक तक्त्यांत १३ सेंमीचा, फरक जन्मापासूनचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नवजात मुलाची मध्यम लांबी ४९.९ सेंमी आहे, मुलीची ४९.१. पाचव्या वर्षी ११० आणि १०९.४. दहाव्या वर्षी मुलगी १३८.६ वर पोचलेली असते, मुलगा १३७.८ वर. बाराव्या वर्षी मुलगी १५१.२ आणि मुलगा १४९.१. नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या कुठल्याही शाळेत सहावी-सातवीची रांग उंचीप्रमाणे लावली की मागे बऱ्याच मुली उभ्या दिसतात, त्या यामुळेच. मग चित्र पालटतं. चौदाव्या वर्षी मुलगा १६३.२, मुलगी १५९.८. एकोणिसाव्या वर्षी १७६.५ आणि १६३.२. हे जागतिक तक्ते आहेत, आपल्याकडची मुलं सरासरीने त्यांच्याहून ठेंगणी, पण आलेखाच्या रेघा अशाच एकमेकींना छेदतात.

या रेघा पहिल्यांदा काढता आल्या त्या एका फ्रेंच बापामुळे. मोंबेयार या गृहस्थाने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षं आपल्या मुलाची उंची दर सहा महिन्यांनी मोजली. पौगंडावस्थेत मूल अचानक उसळी घेतं, हे त्या नोंदींतून आकड्यांत दिसलं. पुढे शंभर वर्षांनी इंग्लंडमध्ये गाल्टन या शास्त्रज्ञाने २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी मुलं यांच्या उंचीचा अभ्यास १८८६ मध्ये छापला. आई आणि मुलींची उंची त्याने सरळ १.०८ ने गुणून पुरुषांच्या मापात बसवली आणि पुढे गेला. हिशेबाला ते सोयीचं होतं, पण आठ टक्क्यांचा हा फरक पडतो कधी आणि कशाने, हा प्रश्न त्या गुणाकारात दडून राहिला.

तो बाहेर काढला टॅनर या ब्रिटिश डॉक्टरने. १९४८ पासून हार्पेंडन गावच्या एका बालगृहातली मुलं तो आणि त्याचे सहकारी वर्षानुवर्षं मोजत राहिले. त्यातून आणि नंतरच्या अभ्यासांतून जे निघालं ते असं. वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण ५ सेंमी वाढतं, मग ते मुलगा असो की मुलगी. मुलींची उसळी बाराव्या वर्षाच्या आसपास शिखर गाठते, तेव्हा वेग वर्षाला ८ सेंमीच्या घरात असतो. मुलांचं शिखर चौदाच्या आसपास, वेग साधारण साडेनऊ. आता हिशेब करा. मुलाला उसळीआधी दोन वर्षं जास्त मिळाली, वर्षाला सुमारे ५ सेंमीने. फरकाचा मोठा वाटा इथेच झाला. उरलेले तीन-चार सेंमी उसळीच्या जोराचे. या दोन जादा वर्षांत पाय जास्त वाढतात, म्हणून धडाच्या मानाने मुलांचे पाय लांब होतात. उसळीचा क्रम घरच्यांना नीट माहीत असतो: आधी बूट लहान होतात, मग पँट घोट्याच्या वर येते, शर्ट सगळ्यात शेवटी.

थोडक्यात, मुलगे उंच का झाले यापेक्षा मुली आधी का थांबतात, हा प्रश्न जास्त कामाचा आहे. त्याचं उत्तर हाडाच्या टोकाशी असतं. तिथे कूर्चेची एक चकती असते, डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथल्या पेशी वाढत राहतात तोवर हाड लांबतं, चकतीचं हाड झालं की संपलं. फार काळ असं मानलं जाई की मुलांमध्ये ही चकती टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बंद करतं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका पुरुषाची हकिगत छापली. त्याचं टेस्टोस्टेरॉन ठीक होतं, पण जनुकातल्या बिघाडामुळे शरीर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला दादच देत नव्हतं. उंची २०४ सेंमी, हाडांचं वय १५ वर्षांच्या मुलाचं, आणि वाढ चालूच. चकती बंद करणारं संप्रेरक दोघांतही इस्ट्रोजेनच, हे त्यातून कळलं. मुलांमध्ये ते टेस्टोस्टेरॉनपासूनच बनतं, पण उशिरा आणि हळूहळू. मुलींच्या बीजांडकोशांतून ते लवकर आणि भरपूर येतं. त्याची तऱ्हाही दुहेरी आहे: थोडं असताना वाढीला रेटा देतं, जास्त झालं की वाढ बंद करतं. पाळी सुरू होते तेव्हा उसळीचं शिखर उलटून गेलेलं असतं आणि त्यानंतर साधारण ५ ते ७ सेंमीच वाढ उरते.

सगळा हिशेब संप्रेरकांवर बसत नाही. १९९७ मध्ये शॉक्स नावाचं जनुक सापडलं. ते एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांच्या टोकाशी असतं. टर्नर सिंड्रोममध्ये मुलीला एकच एक्स पूर्ण मिळतो, शॉक्सची एक प्रत कमी पडते आणि उपचारांविना उंची सुमारे २० सेंमीने कमी राहते. बायकांमध्ये दुसरा एक्स बराचसा झोपवलेला असतो. शॉक्स त्यातून सुटतं, पण पुरतं नाही. पुरुषाच्या वायवरची प्रत मात्र जोरात चालते. अमेरिकेतल्या गेसिंजर या आरोग्यसंस्थेच्या संशोधकांनी २०२५ मध्ये सव्वानऊ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या. त्यांत १,२२५ जणांची एक्स-वाय गुणसूत्रं नेहमीपेक्षा कमी-जास्त होती. जादा वाय असलेले लोक जादा एक्स असलेल्यांपेक्षा सुमारे ३.१ सेंमीने उंच निघाले. स्त्री-पुरुषांच्या फरकातला जवळजवळ २३ टक्के वाटा शॉक्सचा असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

हे सगळं झालं ‘कसं’. ‘का’ यावर अजून वाद आहे. डार्विनने १८७१ मध्ये नरांच्या झुंजी आणि माद्यांची निवड यांवर बोट ठेवलं. गोरिलाचा नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो, तिथे ते पटतं. माणसात फरक त्यामानाने किरकोळ आहे. २०२० मध्ये होली डन्सवर्थ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी उलटा मुद्दा मांडला: पुरुषांच्या उंचीसाठी वेगळी झुंज मानायची गरजच नाही, गर्भधारणेसाठी लागणारं इस्ट्रोजेन वाढ लवकर थांबवतं आणि फरक त्यातून आपोआप पडतो. मला हा युक्तिवाद जास्त वजनदार वाटतो, कारण तो वर सांगितलेल्या वेळापत्रकाशी जुळतो. नर मोठाच असतो, असा निसर्गाचा नियमही नाही. ठाणे खाडीतल्या मोठ्या फ्लेमिंगोंमध्ये नर मादीहून उंच, पण शिक्रा पक्ष्यात मादी थोराड.

मुलींना कमी खायला मिळालं म्हणून त्या बुटक्या, असंही सांगितलं जातं. कुपोषणाने मुलींची उंची खुंटते हे खरंच. दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत सरासरी २० सेंमीने वाढल्या, तिथले पुरुष त्याहून कमी. पण चांगलं खाऊनही फरक मिटत नाही. जगातले सगळ्यात उंच पुरुष नेदरलँड्समधले, आणि तिथल्या बायकाही त्यांच्याहून पुष्कळ बुटक्या आहेत.

घरच्या घरी अंदाज काढायला टॅनर आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये एक रीत दिली, ती आजही बालरोगतज्ज्ञ वापरतात. आईबापांच्या उंचीची बेरीज करायची, मुलासाठी तीत १३ मिळवायचे, मुलीसाठी १३ वजा करायचे आणि दोनाने भागायचं. बाप १६८ आणि आई १५४ असेल तर मुलगा १६७.५ च्या आसपास, मुलगी १५४.५ च्या. दोन्ही बाजूंना आठ-नऊ सेंमीची सूट धरा. १३ हा आकडा ब्रिटिश मुलांवरून आलेला आहे, आपल्याकडे तो किंचित जास्तच आहे.

मोजताना चुका ठरलेल्या असतात. भिंतीला तळाशी टाइल्सची पट्टी असेल तर टाचा पुढे येतात, म्हणून पट्टी नसलेली भिंत किंवा दाराची चौकट बघा. अंबाडा, पोनीटेल सोडा. टाचा, कुल्हे आणि पाठ टेकलेली, नजर समोर, कानाचं भोक आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत. डोक्यावर पुस्तक काटकोनात दाबून धरा. सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा एखाद सेंमीने उंच भरतो, म्हणून दर वेळी तीच वेळ ठेवा. महिन्या-महिन्याला मोजण्यात अर्थ नाही, त्यात चूकच वाढीएवढी असते. सहा महिन्यांचं अंतर हवं.

शाळकरी वयात वर्षाला ४ सेंमीपेक्षा कमी वाढ भरली तर डॉक्टरांना दाखवा. मुलीला आठच्या आधी किंवा मुलाला नऊच्या आधी वयात येण्याच्या खुणा दिसल्या तरीही. अशी मुलं वर्गात एकदम उंच दिसतात आणि घरचे खूश असतात, पण चकत्या लवकर मिटल्याने शेवटी उंची कमीच भरते. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं. चकत्या मिटल्या असतील तर उंची वाढवण्याच्या पावडरी आणि बारला लटकणं, दोन्ही फुकट.