डांग्या खोकला गेला कुठे होता?

कोकणातल्या जुन्या बायकांना डांग्या खोकला ओळखायला डॉक्टर लागत नसे. माजघरात रात्री पोराला ढास लागायची, खोकून खोकून तोंड निळं पडायचं, श्वास आत ओढताना ‘हूप्’ असा आवाज यायचा आणि मग उलटी. हे दोन-दोन महिने चालायचं. चिनी भाषेत तर या आजाराचं नावच शंभर दिवसांचा खोकला.

१५७८ साली पॅरिसमध्ये आलेल्या साथीचं वर्णन सापडतं, पण जंतू हाती लागला १९०६ मध्ये, ब्रसेल्सच्या बोर्दे आणि झांगू या शास्त्रज्ञांना. १९३० च्या दशकात अमेरिकेत पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी जंतुशास्त्रज्ञ दिवसभराचं काम उरकून संध्याकाळी घरोघर जात. खोकणाऱ्या मुलाच्या तोंडापुढे काचेची बशी धरून नमुने घेत. त्यांच्या मेहनतीतून उपयोगी लस उभी राहिली.

आपल्याकडे १९७८ पासून लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि ‘त्रिगुणी’, म्हणजे डांग्या, घटसर्प आणि धनुर्वात या तिन्हींवरची लस, हा शब्द वाडीवाडीत पोचला. आता तिच्या पहिल्या तीन डोसांची जागा पेंटाव्हॅलंटने, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीने, घेतली आहे; पुढचे बूस्टर मात्र त्रिगुणीचेच. सुई दिल्यावर पोर तापतं, म्हणून पुढचा डोस टाळणारी घरं तेव्हाही होती, आजही आहेत. जपानने १९७५ मध्ये अशाच भीतीपोटी ही लस काही काळ थांबवली होती. १९७९ मध्ये तिथे तेरा हजारांवर रुग्ण झाले, ४१ जण दगावले.

लसीचं संरक्षण काही वर्षांनी ओसरतं, आजार होऊन गेल्याचंही. त्यामुळे मोठ्या माणसात हा खोकला बहुतेक वेळा नुसता रेंगाळलेला खोकला म्हणूनच राहतो. पहिले एक-दोन आठवडे तर साधं पडसंच वाटतं, आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत जास्त पसरतो. एका घरात लस न घेतलेल्या दहांपैकी आठ-नऊ जणांना तो गाठू शकतो.

आता गणपतीतलं घर आठवा. मुंबईचे चाकरमानी उतरलेले, ओटीवर रात्रभर भजन, आणि आतल्या खोलीत माहेरी आलेली बाळंतीण. पहिला डोस सहाव्या आठवड्याला, म्हणजे बाळ अजून उघडंच. गरोदरपणात सरकारी केंद्रात मिळणारी टीडी ही लस धनुर्वात आणि घटसर्प यांच्यापुरतीच. डांग्याचा अंश असलेली टीडॅप डॉक्टरांकडे वेगळी मागावी लागते. बाळाला घ्यायला मात्र सगळेच हात पुढे करतात, खोकणारा काकाही. इतक्या लहान जिवाला ‘हूप्’ करण्याइतकी ताकद नसते. ते खोकतही नाही फारसं, मध्येच श्वास घ्यायचं थांबतं.