फिरत्या घराच्या छपरावरचा अँटेना : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कोणत्याही कॅम्पग्राउंडवर दिवस मावळायला लागला की आरव्हींच्या, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरांच्या, छपरांवर आडवे पडलेले, वटवाघळाच्या पंखांसारखे दिसणारे अँटेने एकेक करून उठू लागतात. आत छताला बसवलेला छोटा दांडा फिरवला की अँटेना वर येतो. मग दांड्याभोवतीची चकती खाली ओढून तो डावीउजवीकडे वळवायचा आणि टीव्हीसमोर बसलेल्याने "आला", "गेला" असे ओरडून सांगायचे. ऐंशीच्या दशकात ज्यांनी महाराष्ट्रातल्या गच्च्यांवर उभे राहून हेच केले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. मात्र पुण्यातला अँटेना एकदा सिंहगडाकडे तोंड करून बसवला की वादळ होईपर्यंत त्याला हात लावावा लागत नसे. आरव्हीत मनोऱ्याची दिशा रोज नव्याने शोधावी लागते.

आरव्हीवाल्या मंडळींचा नेहमीचा प्रश्न 'कोणता अँटेना घ्यावा' किंवा 'कोणता बूस्टर, म्हणजे संकेत वाढवणारा प्रवर्धक, लावावा' असा असतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तराचा मोठा भाग छपरावरच्या धातूत सापडत नाही. अमेरिकेने आपले डिजिटल प्रक्षेपण कोणाला डोळ्यांसमोर ठेवून आखले, यात तो सापडतो. एखादे केंद्र कुठवर दिसेल याचा हिशेब करताना तिथल्या प्रक्षेपणावर देखरेख करणाऱ्या नियामक आयोगाने (एफसीसी) जो प्रेक्षक गृहीत धरला, तो पक्क्या घरात राहणारा होता, आणि त्याच्या घरावर जमिनीपासून सुमारे ३० फूट उंचीवर, मनोऱ्याकडे रोखलेला अँटेना होता. बहुतेक आरव्हींचे छप्परच जमिनीपासून १० ते १३ फुटांवर असते. नकाशावर 'सेवाक्षेत्रात' दाखवलेल्या जागी आरव्ही उभी करूनही पडदा कोरा राहतो, त्याची सुरुवात या फरकापासून होते.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९४८ पासून थांबवलेले टीव्ही केंद्रांचे नवे परवाने १९५२ मध्ये पुन्हा सुरू झाले, तेव्हा २ ते १३ या व्हीएचएफ (कमी वारंवारतेच्या) चॅनेलांच्या जोडीला १४ ते ८३ ही यूएचएफ (जास्त वारंवारतेची) चॅनेल देण्यात आली, आणि १९६४ पासून प्रत्येक नव्या संचात यूएचएफची सोय सक्तीची झाली. आरव्हीचा अँटेना बनवणाऱ्यापुढे यातून जो पेच उभा राहिला, तो आजही सुटलेला नाही. चॅनेल २ ची अर्धी तरंगलांबी साधारण साडेआठ फूट, ७ ते १३ ची ७० ते ८५ सेंटिमीटर आणि यूएचएफची त्याहून पुष्कळ कमी. रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनाच्या छपरावर साडेआठ फुटांची कांडी उभारता येत नाही. म्हणून सुमारे मीटरभर रुंदीचा, आत स्वतःचा प्रवर्धक असलेला पंखाकृती अँटेना रूढ झाला. ही तडजोड होती, पण अॅनालॉगच्या काळात ती निभावून गेली. पडद्यावर मुंग्या आल्या, माणसामागे त्याची दुसरी सावली दिसली, तरी बातम्या ऐकू येत आणि सामन्यात धावसंख्या वाचता येई.

ही सवलत संपवणारा निर्णय १९९६ च्या डिसेंबरमध्ये झाला. त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आरव्हीतल्या आजच्या अडचणींचे मूळ त्यात आहे असे माझे ठाम मत आहे. डिजिटल प्रक्षेपणासाठी अमेरिकेने ८-व्हीएसबी ही पद्धत स्वीकारली. ६ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमधून सेकंदाला सुमारे १९.४ मेगाबिट माहिती नेणारी ही पद्धत एकाच वाहक लहरीवर, आठ पातळ्यांच्या चिन्हांनी काम करते. युरोपने त्याच सुमारास सीओएफडीएम ही वेगळी पद्धत निवडली होती. तिच्यात माहिती हजारो छोट्या वाहक लहरींवर विखुरली जाते आणि दर दोन चिन्हांमध्ये थोडी मोकळी जागा सोडली जाते, म्हणजे डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून उशिरा आलेला प्रतिध्वनी त्या मोकळ्या जागेत विरून जातो.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. कॅम्पग्राउंडवर तसे नसते. अॅल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलेले ट्रेलर दोन्ही बाजूंना ओळीने उभे, मागे डोंगराचा कडा, समोरच्या महामार्गावरून जाणारे ट्रक. एकच संकेत चार वाटांनी, चार वेगवेगळ्या क्षणी अँटेनापर्यंत पोहोचतो. अॅनालॉगमध्ये याचीच 'सावली' दिसे. ८-व्हीएसबीच्या पहिल्या पिढीतल्या संचांना हे प्रतिध्वनी निस्तरता येत नसत आणि चित्र बिघडण्याऐवजी सरळ नाहीसे होई. तंत्रज्ञ याला कडेलोट म्हणतात, आणि तो शब्द अगदी चपखल आहे : कड्याच्या टोकापर्यंत चित्र आरशासारखे स्वच्छ, पुढच्या पावलाला काहीच नाही.

१९९९ मध्ये मेरीलँडमधील एका मोठ्या प्रक्षेपक समूहाने बाल्टिमोर शहरात दोन्ही पद्धतींची शेजारीशेजारी चाचणी घेतली आणि घरातल्या साध्या अँटेनावर सीओएफडीएम सरस ठरते असे सांगत, प्रक्षेपकांना दोन्हींतून निवड करू द्यावी अशी याचिका आयोगापुढे ठेवली. विरोधकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. तेवढ्याच शक्तीत ८-व्हीएसबीचा संकेत दूरवर पोहोचतो, सीओएफडीएमला शक्तिशाली आणि म्हणून महागडी प्रक्षेपण यंत्रे लागतात, आणि दोन पद्धती शेजारीशेजारी चालू झाल्या तर ग्राहक गोंधळून संचच विकत घेणार नाही, असे त्यांचे मुद्दे होते. संचांमधील दोष हा पद्धतीचा दोष नव्हे, पुढच्या पिढीच्या चिप तो दूर करतील, असेही आश्वासन होते. २००० च्या सुरुवातीला आयोगाने याचिका फेटाळली. त्यानंतर प्रक्षेपकांच्या संघटनांनी स्वतः चाचण्या घेतल्या आणि २००१ च्या जानेवारीत ८-व्हीएसबीच्याच बाजूने कौल दिला. त्याच वर्षी तैवानने मात्र आधी स्वीकारलेली अमेरिकी पद्धत सोडून युरोपची वाट धरली.

चिपबाबतचे आश्वासन बऱ्याच अंशी खरे ठरले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. २००४ च्या सुमारास आलेल्या पाचव्या पिढीच्या चिपनी प्रतिध्वनी सावरण्याची क्षमता लक्षणीय वाढवली, आणि आज उभ्या असलेल्या आरव्हीत मिळणारे चित्र पहिल्या संचांशी तुलना करण्यापलीकडचे आहे. पण त्या वादात झुकते माप मिळाले ते छपरावर अँटेना असलेल्या स्थिर घराला. दूरवरच्या शेतातील घरापर्यंत पोहोचणे महत्त्वाचे मानले गेले आणि चालत्या वाहनातला, सखल जागेतला, पत्र्यांच्या गराड्यातला प्रेक्षक हिशेबात दुय्यम राहिला. चालत्या वाहनासाठी २००९ मध्ये एक वेगळे मानक आले खरे, पण त्याला वेगळे यंत्र लागे आणि काही वर्षांतच ते विस्मरणात गेले. भारतातले उदाहरण येथे आठवते : दूरदर्शनने युरोपीय घराण्यातली पद्धत स्वीकारली आणि २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत मोबाइलवर पाहता येईल असे प्रक्षेपण सुरू केले. तिकडे प्रेक्षक कमी मिळाले हा भाग वेगळा, पण तांत्रिक पाया फिरत्या संचाला चालणारा होता.

अॅनालॉग बंद करण्याची तारीख आधी १७ फेब्रुवारी २००९ होती, ती पुढे ढकलून १२ जून करण्यात आली. डिजिटल संकेत दिसावा म्हणून जुन्या संचाला लावायच्या पेटीसाठी सरकारने प्रत्येक घराला ४० डॉलरची दोन कूपने दिली, आणि आरव्हीतला संच बहुधा घरातला तिसरा असे. याच काळात 'डिजिटल अँटेना' हा शब्द बाजारात रुळला आणि त्याने पुष्कळांना विनाकारण खर्चात पाडले. अँटेनाला वारंवारता कळते. त्या लहरीवर चित्र अॅनालॉग आहे की डिजिटल, याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. त्या वेळी अनेक केंद्रे यूएचएफवर गेली, म्हणून जुन्या पंखांच्या पुढे अडकवायची यूएचएफसाठीची एक छोटी जोडणी विकली जाऊ लागली, आणि ती खरोखर उपयोगी होती. पण जुने पंख काढून केवळ यूएचएफकडे लक्ष देणारा चपटा, छोटा अँटेना बसवणाऱ्यांची ७ ते १३ या चॅनेलवरची केंद्रे हातची गेली, कारण स्थित्यंतर पूर्ण होताच बरीच केंद्रे आपल्या जुन्या व्हीएचएफ चॅनेलवर परतली होती. फिलाडेल्फियात तर एक प्रमुख केंद्र चॅनेल ६ वरच राहिले आणि तक्रारी वाढल्यावर त्याला शक्ती वाढवून घ्यावी लागली.

यात भर म्हणजे पडद्यावर दिसणारा चॅनेलचा आकडा खरा नसतो. केंद्रांना आपली जुनी ओळख सोडायची नव्हती, म्हणून संकेतातच एक मानलेला क्रमांक पाठवला जातो. न्यूयॉर्कमध्ये २ क्रमांकाचे केंद्र प्रत्यक्षात ३६ वर आहे आणि ७ क्रमांकाचे मात्र खरोखर ७ वरच. २ आणि ७ दोन्ही लागत नाहीत, अशी तक्रार असेल तर दोन वेगळ्या दुखण्यांचा शोध घ्यावा लागतो.

पुढचा धक्का २०१७ चा. लिलावातून ३८ ते ५१ ही चॅनेल मोबाइल कंपन्यांकडे गेली, सुमारे १९.८ अब्ज डॉलर उभे राहिले आणि जवळपास हजार केंद्रांना दहा टप्प्यांत जागा बदलाव्या लागल्या. हे काम जुलै २०२० मध्ये संपले. ५२ च्या पुढची चॅनेल २००९ मध्येच सुटली होती, त्यामुळे यूएचएफ आता फक्त १४ ते ३६ एवढेच उरले आहे. जुन्या आरव्हीतल्या प्रवर्धकाला याची वार्ता नाही. तो चॅनेल ६९ पर्यंतचे सगळे इमानेइतबारे वाढवून देतो, म्हणजे शेजारच्या मोबाइल मनोऱ्याचा संकेतही वाढवतो आणि त्या गदारोळात टीव्हीचा दुबळा संकेत दबून जातो. अशा ठिकाणी प्रवर्धकाच्या आधी बसवलेली, मोबाइलचे संकेत अडवणारी स्वस्तातली गाळणी महागड्या बूस्टरपेक्षा जास्त काम करते. बूस्टरबद्दलचा समज एकूणच सुधारायला हवा. अँटेनापासून टीव्हीपर्यंतच्या केबलमध्ये आणि जोडण्यांत जे हरवते ते तो भरून काढतो. अँटेनापर्यंत जे पोहोचलेच नाही ते तो आणू शकत नाही.

पंखाकृती अँटेना असलेल्या आरव्हीत भिंतीवर एक छोटे बटण आणि त्याशेजारी दिवा असतो. त्या बटणातून केबलवाटे वरच्या प्रवर्धकाला १२ व्होल्ट जातात, आणि ते बंद असले की टीव्हीची जोडणी कॅम्पग्राउंडच्या केबलकडे वळते. दिवा विझलेला असताना दोन-दोन तास अँटेना फिरवत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. दिवा लागलेला असूनही काही दिसत नसेल तर छपरावरच्या जोडणीत पाणी शिरून तांब्याला हिरवट गंज चढला आहे का, हे आधी पाहावे. व्हीएचएफवर चित्र तुटत असेल तर सौर पॅनेलचा नियंत्रक आणि इन्व्हर्टर काही मिनिटे बंद करून पाहावेत, कारण त्यांचा गोंगाट त्या पट्ट्यात जास्त जाणवतो.

उंचीचा हिशेब तर फारच बोलका आहे. ३०० मीटर उंच मनोरा आणि ४ मीटरवरचा अँटेना यांच्यात लहरींचे क्षितिज सुमारे ८० किलोमीटर पडते. अँटेना आणखी एक मीटर वर नेला तर त्यात जेमतेम एका किलोमीटरची भर पडते. तरीही दांडा पूर्ण फिरवून अँटेना वर घ्यायचा, कारण त्या एका मीटरने शेजारच्या ट्रेलरचे छप्पर आणि वातानुकूलन यंत्राचा डबा आडवा येत नाही. झाडांच्या दाट सावलीतली जागा सोडून दहा पावलांवरची उघडी जागा घेणे हा नव्या अँटेनापेक्षा चांगला सौदा ठरतो. आणि मुक्काम बदलला की टीव्हीला चॅनेल पुन्हा शोधायला लावावेच लागते. त्याच्या स्मरणात कालच्या गावाची यादी असते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये आयोगाने एटीएससी ३.० या टीव्ही प्रक्षेपणाच्या नव्या मानकाला ऐच्छिक परवानगी दिली. त्याचा पाया सीओएफडीएमच्याच घराण्यातला आहे आणि चालत्या वाहनात चित्र मिळणे हे त्याच्या जाहीर उद्दिष्टांपैकी एक आहे. बाल्टिमोरच्या चाचणीत जे मागितले गेले होते, ते असे अठरा वर्षांनी दारात आले. मात्र जुन्या संचांशी ते जुळत नाही. काही केंद्रांनी आपल्या नव्या प्रक्षेपणाला सांकेतिक कुलूप लावले आहे, त्यामुळे नवा ट्यूनर घेऊनही चित्र मिळेलच असे नाही, आणि सामान्य प्रेक्षकांच्या बाजूने त्यावर तीव्र आक्षेप आहेत. रस्त्यावर धावणाऱ्या बहुसंख्य आरव्हींमधले संच ८-व्हीएसबीचेच आहेत आणि संध्याकाळी फिरणारा दांडा आजही त्याच संकेताचा माग काढतो.