पार्श्वभूमी : ‘संयम ठेव’ म्हणजे नेमकं काय कर?

किशोरवयीन मुलांच्या मनाची चर्चा आपल्याकडे ‘संयम’ या शब्दापाशी हटकून अडते. योगशास्त्रात धारणा, ध्यान आणि समाधी या तिन्हींना मिळून संयम म्हणतात. घरात आणि शाळेत मात्र ‘गप्प बस, सहन कर’ एवढाच अर्थ उरला. मानसशास्त्रातलं स्वनियंत्रण वेगळं आहे. राग येतोय हे ओळखायचं, घटकाभर थांबायचं, मग काय करायचं ते ठरवायचं. भावना दाबून टाकणं त्यात बसत नाही.

या गोंधळाची किंमत २००७ मध्ये मोजावी लागली. एचआयव्हीला आळा घालण्यासाठी केंद्राने २००५ मध्ये शाळांसाठी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आणला होता. शरीराच्या माहितीबरोबर ताण हाताळणं, मित्रांच्या दबावाला ‘नाही’ म्हणणं, हेही त्यात होतं. महाराष्ट्रात पुस्तिकेतल्या चित्रांवरून आमदार संतापले आणि राज्य सरकारने तो थांबवला. इतर काही राज्यांनीही तेच केलं. २००९ मध्ये संसदेच्या एका समितीने लग्नाआधी शरीरसंबंध नकोत, हा संदेश मुलांना द्यावा असं सुचवलं. म्हणजे पुन्हा संयमच! आक्षेप घेणाऱ्या पालकांची काळजी खरी होती, पण चित्रं बदलता आली असती. चित्रांपायी मनातलं बोलायची वर्गातली हक्काची जागाही गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

संयम हा एकट्या मुलाचा गुण, ही समजूत संशोधनातही बरीच वर्षं होती. गोड खाऊ समोर ठेवून ‘थांबलास तर दुप्पट देईन’ सांगण्याचे अमेरिकेतले प्रयोग १९६० च्या दशकाअखेरचे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तशाच एका प्रयोगात २८ लहान मुलं होती. निम्म्यांना आधी चित्रकलेचं चांगलं साहित्य आणून देतो म्हटलं आणि आणलं. उरलेल्यांना तसंच सांगून संशोधक रिकाम्या हाताने परत आले. मग खाऊ ठेवला. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसलेली ३. ही मुलं किशोरवयीन नव्हती, पण मोठ्यांवरचा भरवसा आणि स्वतःवरचा ताबा यांचं नातं मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या अभ्यासातही घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर खाऊसाठी थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध बराच फिका पडला.

आपल्याकडे मुलांना मोठ्यांनी द्यायच्या आधाराची बाजू सरकारी कागदावर ठळकपणे आली ती २०१४ मध्ये. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात मानसिक आरोग्य आलं. महाराष्ट्रातल्या त्याच्या क्लिनिकांना ‘मैत्री’ नाव मिळालं. गावातल्याच मुलामुलींना ‘साथिया’ म्हणून, म्हणजे आपल्या वयाच्या मुलांशी बोलणारे सोबती म्हणून, तयार करायचं ठरलं. २०१७ मध्ये त्यांच्यासाठी जे साहित्य आलं, त्यात मुलग्यांनी रडून मन मोकळं करण्यात काही गैर नाही, असं सरकारनेच छापलं होतं.