सर्दी व फ्लूमधील तापाचा कालावधी

सर्दी किंवा फ्लू झाल्यावर ताप किती दिवस अंगात राहतो, तो काळ. ठाणे-नवी मुंबईत दोन्हींना सरसकट ‘व्हायरल’ म्हणतात, पण दोन्हींतला ताप वेगळा असतो.

साध्या सर्दीत मोठ्यांना बहुधा ताप येतच नाही. आलाच तर एक-दोन दिवस कणकण. लहान मुलांना मात्र सर्दीतही दोन-तीन दिवस चांगला ताप भरतो. फ्लू अचानक गाठतो. सकाळी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडलेला माणूस संध्याकाळी अंग ठणकत, थंडीने कुडकुडत घरी येतो. विषाणू शरीरात शिरल्यावर १ ते ४ दिवसांत लक्षणे दिसतात. ताप १०१ ते १०४ अंश फॅरनहाइट चढतो आणि साधारण ३ ते ४ दिवस राहतो, कधी त्याहून जास्त. खोकला व थकवा दोन आठवडेही रेंगाळतात.

दिवस मोजताना फसगत होते ती पॅरासिटामॉलमुळे. रात्री दहाला गोळी घ्यावी, घामाने उशी भिजावी, ‘उतरला बुवा’ म्हणून झोपावे आणि पहाटे पुन्हा दात वाजू लागावेत, हा अनेक घरांतला अनुभव. गोळी काही तास ताप उतरवते, आजाराचे दिवस कमी करत नाही. म्हणून गोळीशिवाय पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच तो गेला असे धरावे. मुलांना त्याआधी शाळेत पाठवू नये. वर्गातल्या इतरांच्या घरी म्हातारी माणसे असतात.

पावसाळ्यात जास्त सावध राहावे लागते. फ्लूची साथ इथे पावसाळ्यातही येते आणि डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) हंगामही तोच. खोकला, घसादुखी काहीच नसताना ताप टिकून राहिला, तर घरी वाट न पाहता रक्त तपासावे. साचलेल्या पाण्यातून चालत आला असाल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होऊ शकतो: पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त.

फ्लूचा ताप जाऊन एक-दोन दिवसांनी खोकल्यासह परतला, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. धाप लागत असेल तर दिवस मोजत बसूच नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश ताप दिसला, तर त्याच तासाला दवाखाना गाठावा, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी.